डच हार्बर: तोफांच्या डोंगराखाली

सकाळचे सात वाजायला आलेत आणि आत्ता कुठं फटफटतंय. ऑगस्ट महिना आहे, तरी अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. धुकं इतकं खाली उतरलंय की धक्क्याला लागलेल्या ट्रॉलरची डोलकाठी अर्ध्यातच नाहीशी झालीय. जहाजाच्या पोटात कारखान्यातून आलेली एक जाडजूड नळी सोडलेली आहे. ती मधूनच थरथरते. तिच्यातून मासे वर खेचले जातायत.

मी अलास्कातल्या डच हार्बरच्या धक्क्यावर उभी आहे. अँकरेजपासून नैर्ऋत्येला जवळजवळ तेराशे किलोमीटर, अल्यूशन बेटांच्या माळेत. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला बेरिंग समुद्र. इथं यायला रस्ता नाही. विमानानं या, नाहीतर बोटीनं. उनालास्का हे गावाचं नाव, डच हार्बर हे त्याच्या बंदराचं. जुनं गाव उनालास्का बेटावर, बंदर शेजारच्या छोट्या अमॅकनॅक बेटावर आणि दोन्हींना जोडणारा एक पूल. कायम वस्ती चार हजारांच्या थोडी वर. पण या एवढ्याशा गावाच्या धक्क्यांवर इतका मासा उतरतो, की वजनाच्या हिशेबात गेली पंचवीसहून अधिक वर्षं अमेरिकेच्या बंदरांमध्ये याचाच पहिला नंबर लागत आलाय.

उतरतोय तो पोलॉक. हातभर लांबीचा, पाठीवर हिरवट-करड्या ठिपक्यांचा, पांढऱ्या मांसाचा मासा. हिवाळी हंगाम २० जानेवारीला सुरू होतो, उन्हाळी १० जूनला. हिवाळ्यात माद्यांच्या पोटात गाबोळी असते आणि जपान-कोरियात तिला मोठा भाव मिळतो. आत्ताच्या हंगामात गाबोळी नाही, नुसतं मांस. जाळं वर आलं की मासा सरळ थंडगार समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या टाक्यांत जातो आणि धक्क्याला येईपर्यंत त्या पाण्यातच राहतो.

नळीच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्याच्या आत, मासा पट्ट्यावर पडतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ऑइलस्किन घातलेली माणसं उभी आहेत आणि त्यांची नजर क्षणभरही हलत नाही. ती शोधतायत सॅमन. पोलॉकच्या जाळ्यात चुकून सापडलेला प्रत्येक सॅमन वेगळा काढायचा आणि मोजायचा, असा नियम २०११ पासून आहे. चिनूक जातीच्या सॅमनची मर्यादा ठरलेली आहे. तिच्या पलीकडे गेलं तर ताफ्याची मासेमारी थांबते. हा सॅमन विकायचाही नाही. मोजून झाल्यावर तो खाण्याजोगा असला तर गरजूंसाठीच्या अन्नपेढीला देता येतो. एक तरुण निरीक्षक हातात चिमटा घेऊन एका चिनूकच्या अंगावरचे दोन-तीन खवले अलगद काढते, कागदी पाकिटात ठेवते, त्यावर पेन्सिलीनं नोंद करते. मागं टनांनी मासा वाहतोय आणि ती एका माशापाशी थांबलीय.

पुढं यंत्रं. डोकं वेगळं, पोट साफ, काट्यावरून मांस सुटं. त्याचा खिमा होतो, तो पुनःपुन्हा गोड्या पाण्यानं धुतला जातो, पिळून काढला जातो, त्यात थोडी साखर मिसळली जाते म्हणजे गोठताना मांसाचा चिवटपणा मोडत नाही. मग त्याच्या दहा-दहा किलोच्या पांढऱ्याशुभ्र लाद्या गोठतात. ही सुरिमी. रत्नागिरीच्या कारखान्यांत राणी माशाचं जे होतं, तेच इथं पोलॉकचं होतं. रत्नागिरीचा माणूस इथं आला तर वासावरून कामाचा टप्पा सांगेल. डोकी, काटे, कातडी यांचंही काही वाया जात नाही; त्यांचं फिशमील आणि तेल होतं.

पट्ट्यावरची बहुतेक माणसं बाहेरून आलेली. फिलिपिन्सची, मेक्सिकोची, व्हिएतनामची. हंगामाचा करार, कारखान्याच्याच खोल्या, कारखान्याचंच जेवण, बारा-बारा तासांची आणि कधी त्याहून लांबलेली पाळी. चहाच्या सुटीत एक फिलिपिनो बाई माझ्या शेजारी बाकावर टेकते. हातमोजे काढून बोटं चोळते. किती वर्षं झाली, विचारल्यावर म्हणते, "मुलगी पहिलीत होती तेव्हा पहिल्यांदा आले. आता ती नर्सिंग शिकतेय." एवढं बोलून ती मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवते आणि भोंगा वाजताच उठते.

बाहेर येते तर धुकं थोडं वर सरकलंय. क्रेनच्या टोकावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसलाय, खालच्या दिव्याच्या खांबावर आणखी दोन. धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत खेकड्यांचे पिंजरे एकावर एक रचून ठेवलेत. लोखंडी सांगाडा, त्यावर विणलेलं नायलॉनचं जाळं, एकेकाचं वजन तीनशे किलोच्या आसपास. पिंजऱ्यांच्या रांगा संपतात तिथं उतार सुरू होतो आणि उतारात गवतानं अर्धवट झाकलेली काँक्रीटची एक खोली आहे. आडवी, बुटकी, समोर हातभर रुंदीची फट. फटीचा रोख बंदराच्या तोंडाकडे आहे.

अशा खोल्या इथं जिकडेतिकडे आहेत. रस्त्याच्या वळणावर, घरांच्या मागच्या अंगणात, समुद्रकिनाऱ्यावर. मशीनगन घेऊन बसलेल्या सैनिकांसाठी त्या १९४०च्या दशकात बांधल्या. या गावात दुसऱ्या महायुद्धाला वेगळी जागा काढून द्यावी लागलेली नाही, ते वाटेतच आहे. अल्यूशन बेटांच्या संग्रहालयाची इमारतसुद्धा युद्धकाळातल्या एका गोदामाच्या पायावर उभी आहे. विमानतळाजवळची नौदलाची हवामान-कचेरी आज युद्ध-इतिहासाचं माहिती केंद्र झालीय. धावपट्टी डोंगर आणि पाणी यांच्या बेचक्यात अशी अडकलेली आहे, की विमान उतरायची वेळ झाली की तिच्या टोकाजवळून जाणाऱ्या रस्त्यावर फाटक पडतं आणि मासे नेणारे ट्रक रांगेनं थांबतात.

त्या धावपट्टीच्या डोक्यावरचा डोंगर म्हणजे बॅलीहू. सुमारे पाचशे मीटर उंचीचा. मला त्याच्या उत्तरेकडच्या कड्यावर, उलाक्टा हेडला जायचंय. त्यासाठी परवाना लागतो, आणि तो द्यायचा अधिकार लष्कराकडे किंवा नगरपालिकेकडे नाही. ही जमीन उनालाश्का कॉर्पोरेशनची आहे, म्हणजे या बेटांच्या मूळ रहिवाशांची, उनांगान लोकांची. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या दाव्यांवर अमेरिकेच्या काँग्रेसनं १९७१ साली कायदा केला. त्या कायद्यातून गावोगाव अशा कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांना जमिनी मिळाल्या. कचेरीतली बाई माझं नाव लिहून घेते, कागद हातात देते आणि बजावते, "पायवाट सोडू नका. गवतात लोखंड आहे."

लोखंड म्हणजे काय, ते चढायला लागल्यावर तासाभरात कळतं. रस्ता लष्करानंच कोरलेला, खडीचा, आता पावसानं ठिकठिकाणी खचलेला. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. या बेटांवर मुळात झाडं नाहीत. वारा ती वाढू देत नाही. रशियनांनी १८०५ साली लावलेले सिटका स्प्रूस खाली गावात काही उरलेत. इथं वर फक्त गवत, शेवाळ, पिवळी-जांभळी रानफुलं आणि ब्लूबेरीची खुरटी झुडपं. बेरी तोडायला वाकते आणि हात आखडून घेते. पानांआड लोखंडाचा एक खुंट उभा आहे. अंगठ्याएवढा जाड, वर टोक काढलेलं, मध्ये तार ओवायला पिळून केलेली कडी. गंजून त्याचा रंग मातीशी एकरूप झालाय, पण टोक अजून तसंच आहे. चार पावलांवर दुसरा, त्यापुढं तिसरा. किनाऱ्यावरून शत्रू चढून आलाच तर त्याला अडवायला घातलेल्या काटेरी तारेच्या कुंपणाची ही रांग. तार कधीच गळून गेली. खुंट राहिले आणि आता ते बेरी वेचणाऱ्यांच्या, मुलांच्या, कुत्र्यांच्या पायांत येतात.

वर वारा उभं राहू देत नाही. हा फोर्ट श्वाटका. समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीनशे मीटरवर बांधलेली ही किनारी तोफखान्याची ठाणी. अमेरिकेत इतक्या उंचीवर दुसरी नाहीत. आठ इंची तोफांचे गोल काँक्रीट चौथरे अजून शाबूत आहेत. त्यांच्यामध्ये दारूगोळ्याचं भुयार, जाड भिंतींचं, आत शिरल्यावर एकदम शांत आणि थंड. थोडं पुढं लाकडी बराकी, छप्पर खचून जमिनीला टेकलेल्या. कड्याच्या अगदी टोकाला टेहळणीच्या खोल्या, अर्ध्या जमिनीत गाडलेल्या. एकीत मी उतरते. आतल्या लाकडी फळ्या कुजून काळ्या पडल्यात, कोपऱ्यात पाणी साचलंय. फटीला डोळा लावते. खाली सरळ तुटलेला कडा, मग करडं पाणी, मग धुक्याचा पट्टा. इथं रात्रंदिवस कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि जपानी जहाजांची वाट पाहायचं. जपानी जहाजं या कड्याखाली कधी आलीच नाहीत. या तोफांना शत्रूच्या जहाजावर गोळा झाडायची वेळ आली नाही.

शत्रू आला तो आकाशातून. ३ जून १९४२ ची सकाळ. र्यूजो आणि जून्यो या दोन विमानवाहू नौकांवरून उडालेली जपानी विमानं धुक्यातून वाट काढत या बंदरावर आली. मिडवेची लढाई दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती आणि उत्तरेकडची ही चढाई त्याच मोठ्या मोहिमेचा भाग होती. अमेरिकी नौदलाला जपानी संदेशांची उकल होऊन आगाऊ कुणकुण लागली होती, त्यामुळं विमानविरोधी तोफा तयार होत्या. तरी फोर्ट मिअर्स या इथल्या लष्करी ठाण्याच्या लाकडी बराकींवर बॉम्ब पडले आणि पंचवीसच्या आसपास सैनिक जागीच गेले. त्यातले बरेच जण या बेटावर नुकतेच उतरले होते. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, विमानं पुन्हा आली. तेलाच्या टाक्या पेटल्या आणि धुराचा लोट बेटभर पसरला. किनाऱ्याला लावून कामगारांच्या निवासासाठी वापरलेलं नॉर्थवेस्टर्न हे जुनं जहाज पेटलं. गावातल्या मूळ रहिवाशांच्या इस्पितळावरही बॉम्ब पडला. दोन दिवसांत चाळीसहून अधिक माणसं मेली.

परतताना एका जपानी झीरो विमानाच्या तेलनळीला गोळी लागली. वैमानिक तादायोशी कोगा यानं शेजारच्या अकुतान बेटावर हिरवळ पाहून विमान उतरवायचा प्रयत्न केला. ती हिरवळ नव्हती, दलदल होती. चाकं रुतली, विमान उलटलं, कोगा जागीच मेला. महिन्याभरानं अमेरिकी गस्ती विमानाला ते दिसलं. जवळजवळ धड अवस्थेतलं झीरो त्या वेळी अमेरिकेच्या हाती लागणं ही मोठीच गोष्ट होती. ते सॅन डिएगोला नेऊन दुरुस्त केलं, उडवलं आणि त्याच्या खोडी वैमानिकांना शिकवल्या. डच हार्बरची गोष्ट सांगताना सगळे हा किस्सा रंगवून सांगतात, आणि तो आहेच तसा.

जून संपायच्या आत अल्यूशन माळेच्या पश्चिम टोकाची किस्का आणि अट्टू ही बेटं जपानच्या ताब्यात गेली होती. अट्टू परत घ्यायला मे १९४३ उजाडावा लागला आणि तिथं दोन्ही बाजूंची मिळून हजारो माणसं मेली. डच हार्बर या सगळ्याचं पिछाडीचं ठाणं होतं. हजारो सैनिक इथं आले, राहिले, चिखलात कुढले, थंडीनं गारठले आणि युद्ध संपल्यावर निघून गेले. त्यांचं काँक्रीट राहिलं.

खोलीतून बाहेर येते तेव्हा वाऱ्यानं ढग फाटलेत. दक्षिणेला सगळं बंदर एकदम उघडं पडतं: कारखान्यांची छपरं, धक्क्याला लागलेले ट्रॉलर, पूल, आणि पुलापलीकडं गाव. गावाच्या काठावर, पाण्याला लागून, पांढऱ्या भिंतींचं एक चर्च. त्याचे कांद्याच्या आकाराचे दोन हिरवट घुमट एवढ्या उंचीवरूनही डोळ्यांत भरतात. माझ्या खाली दोन पर्यटक तोफांच्या चौथऱ्यावर उभे राहून एकमेकांचे फोटो काढतायत. त्यांचं काही चुकत नाही. इथं वर चढून आलेल्या कुणालाही तो चौथरा खुणावतो. मी मात्र उतरताना चर्चकडे बघत राहते, कारण या बंदरावर युद्धानं केलेला खरा घाव तिथं आहे.

दुपारी पूल ओलांडून गावात येते. चर्च ऑफ द होली असेन्शन. आत्ताची इमारत १८९४ ते १८९६ या काळातली, पण या जागेची परंपरा त्याहून जुनी. इव्हान वेनियामिनोव हे रशियन धर्मोपदेशक १८२४ साली इथं आले. इव्हान पान्कोव या उनांगान मुखियाच्या मदतीनं त्यांनी उनांगान भाषेसाठी लिपी तयार केली आणि लोक आपल्या भाषेत वाचू-लिहू लागले. आवारात थडगी आहेत, पांढरे लाकडी क्रूस, खालची आडवी पट्टी तिरपी. दार उघडं आहे. आत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. सोनेरी चौकटींतल्या संतांच्या प्रतिमा रांगेनं आहेत. एकीच्या कडेला चौकटीचा तुकडा निघालेला आहे आणि तिथं नवं लाकूड बसवलंय. रंग जुळवलाय, तरी सांधा दिसतो.

बॉम्बहल्ल्यानंतर, जून-जुलै १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारनं या बेटांवरच्या उनांगान लोकांना हलवलं. कारण सांगितलं त्यांच्या सुरक्षिततेचं. पण उनालास्कात हुकूम गावासाठी नव्हता, रक्तासाठी होता: ज्याच्या अंगात एक-अष्टमांश किंवा त्याहून जास्त मूळ रहिवाशाचं रक्त असेल त्यानं जायचं. गोरे रहिवासी राहू शकत होते. ज्या घरात नवरा गोरा आणि बायको उनांगान, तिथं नवरा राहिला, बायको-मुलं गेली. जायला अवधी एका दिवसाचाही मिळाला नाही. माणशी एक बॅग. कुठं नेणार, हे सांगितलं नव्हतं. उनालास्काची शंभरावर माणसं अलास्का नावाच्या जहाजावर चढली. चर्चमधल्या प्रतिमा भाविकांनी पेट्यांत बंद केल्या.

नऊ गावांतली ८८१ माणसं अशी उचलली गेली. त्यांना आग्नेय अलास्कात, दोन-अडीच हजार किलोमीटर दूर, ओसाड पडलेल्या मासळीच्या कारखान्यांत, सोन्याच्या जुन्या खाणीच्या वस्तीत आणि तसल्याच जागांत ठेवलं. उनालास्काच्या लोकांच्या वाट्याला बर्नेट इनलेटचा बंद पडलेला कॅनरी कारखाना आला. खिडक्यांना धड काचा नाहीत, पाणी खराब, औषधपाणी जवळजवळ नाहीच. जन्मभर उघड्या गवताळ बेटांवर, क्षितिजापर्यंत समुद्र बघत राहिलेली ही माणसं दाट, ओल्या, अंधाऱ्या जंगलात येऊन पडली. क्षय, न्यूमोनिया, गोवर. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आधी गेली. युद्ध संपेपर्यंत दर दहांतला साधारण एक जण त्या छावण्यांत मेला होता.

हा आकडा मी चर्चच्या पायरीवर बसून पुन्हा मनाशी मांडते. आठशे एक्क्याऐंशींचा दहावा हिस्सा. शत्रूच्या बॉम्बनं या बंदरात जितकी माणसं मारली, त्याच्या जवळजवळ दुप्पट उनांगान माणसं त्यांच्याच सरकारनं सुरक्षित म्हणून नेलेल्या जागी मेली. हे कुणी कट करून घडवलेलं नव्हतं. कुणी यादी केली, कुणी जहाज पाठवलं, कुणी छावणीचा खर्च मंजूर केला नाही, कुणी डॉक्टर पाठवायचं पत्र पुढच्या टेबलावर सरकवलं. प्रत्येकानं आपापल्यापुरतं थोडंसं दुर्लक्ष केलं आणि त्या सगळ्याची बेरीज माणसांच्या जिवावर बेतली. अट्टू बेटावरच्या उनांगान लोकांचं दुःख आणखी वेगळं. त्या चाळीसेक माणसांना जपान्यांनी कैद करून होक्काइडोवरच्या ओतारूला नेलं. कित्येक तिथंच उपासमारीनं आणि आजारानं गेले. जे वाचले त्यांना युद्धानंतर अट्टूला परत वसू दिलं नाही. या लोकांवर युद्ध दोन्ही बाजूंनी कोसळलं.

उनालास्काची माणसं १९४५ च्या वसंतात परतली. घरांची दारं फुटलेली, सामान लुटलेलं, भांडीकुंडी, कपडे, शिकारीची हत्यारं गेलेली. हे जपान्यांनी केलेलं नव्हतं; जपानी सैनिकाचं पाऊल या बेटावर पडलंच नव्हतं. इथं मुक्काम ठोकून राहिलेल्या आपल्याच सैन्यातल्या लोकांचा तो प्रताप होता. बिओर्का, काशेगा, माकुशिन ही याच परिसरातली तीन छोटी गावं तर पुन्हा कायमची वसलीच नाहीत. चार-सहा घरांच्या गावात माणसंच उरली नाहीत तर चूल कुणी पेटवायची? १९८८ साली नागरी स्वातंत्र्याचा कायदा झाला. युद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकनांची माफी मागणारा तोच कायदा. त्यात उनांगान लोकांचीही माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला बारा हजार डॉलर मिळाले. तोवर सेहेचाळीस वर्षं गेली होती. चर्चची मोठी डागडुजी १९९०च्या दशकात झाली. युद्धक्षेत्राला राष्ट्रीय ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा १९९६ साली मिळाला आणि त्या कायद्यानं तोफांच्या इतिहासाबरोबर उनांगान लोकांचा इतिहास सांगण्याची जबाबदारीही घातली.

संध्याकाळच्या आधी कॅप्टन्स बेच्या रस्त्यानं फेरी मारून येते. उपसागराच्या कोपऱ्यात पाण्यातून एक गंजलेली नाळ वर आलेली दिसते. ४ जूनला पेटलेल्या त्या नॉर्थवेस्टर्न जहाजाची. अंगावर समुद्रपक्ष्यांच्या शिटेचे पांढरे ओघळ. तिच्या पलीकडून एक ट्रॉलर मासेमारीला निघालाय. इथल्या खलाशांना चढ-उतार नवे नाहीत. १९८० साली तांबड्या किंग खेकड्यानं विक्रम केला आणि दोन-तीन वर्षांत तो असा कोसळला, की मासेमारी बंद ठेवावी लागली. मग पोलॉकनं बंदर सावरलं. २०१८-१९ मध्ये बेरिंग समुद्र तापला आणि स्नो खेकडे उपाशी मेले. सुमारे एक हजार कोटी खेकडे नाहीसे झाल्याचं शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडलं. २०२२ च्या हंगामात स्नो खेकड्याची मासेमारी इतिहासात प्रथमच बंद राहिली. धक्क्यामागं रचून ठेवलेल्या पिंजऱ्यांमधून गवत उगवलंय, त्याचं कारण हे.

परत येते तेव्हा चर्चसमोरच्या किनाऱ्यावर गडबड चाललीय. गुलाबी सॅमन नदीत चढायच्या आधी काठाकाठानं फिरतोय आणि गावातल्या दोन-तीन कुटुंबांनी घरच्या खाण्यापुरतं जाळं लावलंय. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर, दुसरं छोट्या होडीत. होडी अर्धवर्तुळ घेऊन परतते आणि सगळे मिळून ओढायला लागतात. मीही दोर धरते. गार पाण्यानं बोटं बधिर होतात. शेवटच्या चार हातांत पाणी नुसतं उकळायला लागतं आणि तीस-चाळीस मासे गोट्यांवर उड्या मारतात.

एक आजी फळी मांडून बसल्यात. रुंद, वळणदार पात्याची सुरी, तिला लाकडी मूठ. शेजारी नात, नऊ-दहा वर्षांची. आजी एकदाच करून दाखवतात: कल्ल्यामागं छेद, पाठीच्या काट्याला लागून शेपटीपर्यंत, मग उलटा. कातडी तशीच ठेवायची, शेपटी तोडायची नाही, म्हणजे दोन्ही तुकड्या जोडलेल्या राहतात आणि दांडीवर वाळत घालता येतात. नातीचा पहिला मासा फाटतो. आजी काही बोलत नाहीत, नुसता दुसरा पुढं सरकवतात. मध्येच त्या उनांगान भाषेत एक शब्द म्हणतात, नात तो परत म्हणते, आजी दुरुस्त करतात, ती पुन्हा म्हणते. मी विचारते, हे तुम्हाला कुणी शिकवलं? "आईनं," त्या म्हणतात. "ती छावणीत गेली तेव्हा हिच्याएवढी होती. तिथून तिची आजी परत आली नाही. तिला जे येत होतं त्यातलं निम्मं तिच्याबरोबर गेलं. उरलेलं निम्मं आई घेऊन आली." बोलताना त्यांचा हात थांबत नाही.

छावण्यांत आधी म्हातारी माणसं गेली, या वाक्याचा अर्थ मला इथं, या फळीपाशी नीट उमगतो. गेले ते केवळ जीव नव्हते. कुठल्या खाडीत कुठला मासा कधी येतो, कातडी कशी शिवायची, कोणत्या गवताची टोपली विणायची, कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं, हे सगळं ज्यांच्या डोक्यात होतं ती माणसं गेली. बॉम्बनं पडलेली बराक पुन्हा बांधता येते आणि जळलेली तेलाची टाकी बदलता येते. हे पुन्हा उभं करायला उनांगान लोकांनी उन्हाळी शिबिरं भरवली, शाळेत भाषा आणली, टोपल्या विणायच्या जुन्या तऱ्हा संग्रहालयांतले नमुने उलगडून पुन्हा शिकून घेतल्या. काम अजून चालू आहे. ते किती अवघड आहे, हे त्या मुलीच्या तोंडात न बसणारा एकच शब्द सांगून जातो.

म्हणून डच हार्बरला येणाऱ्यानं बॅलीहूवर जरूर चढावं, त्या चौथऱ्यांवर उभं राहावं, बराकीत मेलेल्या पोरांची आठवण काढावी; तीही घरापासून फार दूर मेली. पण युद्धाचा हिशेब तिथं बंद करू नये. बर्नेट इनलेटची थडगी त्यात धरावीत. बिओर्का, काशेगा, माकुशिन ही नावं त्यात लिहावीत. सरकार जेव्हा सुरक्षेच्या नावाखाली माणसांना घरातून उठवतं, तेव्हा ती पोचली कुठं, जेवली काय, आजारी पडली तर कोण धावलं, हे त्याच आठवड्यात विचारायला हवं. सेहेचाळीस वर्षांनी मागितलेली माफी छावणीत मेलेल्या आजीपर्यंत पोचत नाही.

नातीचा तिसरा मासा अखंड निघतो. ती तो शेपटीला धरून उंच करते, आजी मान डोलावतात आणि जाळ्यातला पुढचा मासा फळीवर घेतात. अजून पंचवीसेक साफ व्हायचेत आणि दांडीवर चढवायचेत, कारण उद्या पाऊस सांगितलाय. आजी माझ्याकडं एक सुरी सरकवतात. "बसा," त्या म्हणतात, "हात भरलेच आहेत तुमचे."